०२१७ ही संख्या नाही : व्हेरिएबल आणि डेटा टाइप, अगदी पहिल्यापासून

नवी बॅच आली की मी फळ्यावर चार आकडे लिहिते. ०२१७, ४१३००१, ८५ आणि १२. पहिला सोलापूरचा एसटीडी कोड, दुसरा पिन कोड, तिसरा एका टॉवेलचा भाव, चौथा डझनातले नग. मग विचारते, यातल्या संख्या किती? उत्तर ठरलेलं असतं : "चारही की ओ मॅडम."

माझ्या हिशेबाने दोनच. बाकीचे दोन आकड्यांनी लिहिलेली नावं आहेत. हा फरक ज्याला पहिल्या आठवड्यात कळतो, त्याचे पुढचे सहा महिने बरे जातात.

क्लास सोलापूरच्या पूर्व भागात, संध्याकाळी दोन तास. बरीच पोरं घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, शाळेत मराठी, आणि प्रोग्रॅमिंग शिकायचं इंग्रजीतून. कोड राहतो बाजूला, आधी स्पेलिंगशीच झटापट. म्हणून सुरुवातीला मी व्हेरिएबलची, म्हणजे किमतींना दिलेली, नावं सरळ मराठीत लिहायला लावते. पायथन ही भाषा १९९१ मध्ये ग्विदो व्हान रॉसम यांनी पहिल्यांदा लोकांसमोर आणली. २००८ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली, तेव्हापासून तिला देवनागरी नावं चालतात. हे अनेक शिक्षकांनाही माहीत नसतं.

तयारी

संगणक असेल तर पायथन डॉट ऑर्गवरून पायथन उतरवून घ्या, फुकट आहे. त्याच्याबरोबर आयडल नावाची खिडकी येते, ती उघडा. फक्त मोबाइल असेल तर पायड्रॉइड ३ हे ॲप चालतं. माझी निम्मी मुलं त्यावरच शिकली. तीन बाणांची खूण दिसली की समोर लिहायचं आणि एंटर दाबायचं. उत्तर लगेच खाली येतं.

टंकताना तीन गोष्टी सांभाळा. अक्षरं मराठी चालतील, पण कोडमधले अंक 0 ते 9 असे इंग्रजीच हवेत. मराठी कळफलकावरून ५ टाकलात तर पायथन अवैध अक्षर म्हणून ओळ परत पाठवतो. म्हणून या लेखात कोडच्या ओळींत इंग्रजी अंक दिसतील. दुसरं, अवतरणचिन्हं सरळ हवीत. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेली वळणदार चिन्हं चालत नाहीत. तिसरं, पायथनचे स्वतःचे शब्द इंग्रजी लिपीतच टाकावे लागतात. मी ते उच्चाराप्रमाणे लिहिलेत : इंट (आय-एन-टी), फ्लोट (एफ-एल-ओ-ए-टी), एसटीआर, टाइप (टी-वाय-पी-ई), लेन (एल-ई-एन), राउंड (आर-ओ-यू-एन-डी), बूल (बी-ओ-ओ-एल). जिथे हे शब्द दिसतील तिथे इंग्रजीत टाका. बाकी सगळं जसंच्या तसं.

पहिली ओळ

भाव = 350
नग = 12
भाव * नग

एंटर मारल्यावर 4200 येईल. झालं, दोन व्हेरिएबल तयार.

बालभारतीच्या गणितात याला चल म्हणतात, 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' तुम्ही दहावीत सोडवली असतील. पण तो चल आणि हा चल एकमेकांचे चुलतभाऊ. गणितातला चल शोधायचा असतो. इथला आपणच ठरवतो आणि वाटेल तेव्हा बदलतो. हे न कळल्यामुळे पुढची ओळ पाहून हुशार मुलंही अडखळतात :

नग = नग + 5

गणिताच्या सरांना दाखवलीत तर ते लाल पेन उचलतील. बारा बरोबर सतरा कसे? पण इथे बरोबरचं चिन्ह 'समान आहे' असं म्हणतच नाही. ते उजवीकडून डावीकडे वाचायचं : उजवीकडचा हिशेब आधी कर, जे येईल त्याला डावीकडचं नाव दे. आता नग विचारलात तर 17 येईल. 'समान आहे का' असं विचारायचं असेल तर दोन चिन्हं लागतात, ==.

पुष्कळ ठिकाणी व्हेरिएबल म्हणजे डबा असं शिकवतात. पायथनपुरती मला ती उपमा पटत नाही. गोदामात टॉवेलच्या गठ्ठ्याला सुतळीने चिठ्ठी बांधतात ना, तसं हे नाव असतं. माल तिथेच, चिठ्ठी सोडून दुसऱ्या गठ्ठ्याला बांधता येते. करून पाहा :

भाव = 350
जुना_भाव = भाव
भाव = 380
जुना_भाव

उत्तर 350. तिसऱ्या ओळीत 'भाव' ही चिठ्ठी सोडून 380 ला बांधली. 'जुना_भाव' ही चिठ्ठी 350 लाच राहिली. डब्याची उपमा डोक्यात असली की इथे मुलं 380 सांगतात.

नावांचे नियम, आणि आपला ऱ्हस्व-दीर्घ

नावात जागा सोडायची नाही, त्याऐवजी खालची रेघ. सुरुवात अंकाने करायची नाही. नाव असं हवं की महिन्याने वाचलं तरी कळेल. 'क', 'ख', 'ग' अशी नावं ठेवणाऱ्याला मी पुढच्या शनिवारी त्याचाच कोड वाचायला देते, पुरे होतं.

इंग्रजीत लिहिणाऱ्यांना कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांचा घोळ असतो. आपल्या लिपीत तो नाही, पण त्याहून खट्याळ घोळ आहे. 'रुपये' आणि 'रूपये' ही पायथनसाठी दोन वेगळी नावं. एका ओळीत पहिला उकार, दुसऱ्या ओळीत दुसरा, की लगेच नेमएरर : असं नाव मला माहीतच नाही. शुद्धलेखनाला मार्क न देणाऱ्या शाळांतून आलेली मुलं इथे पहिल्यांदा शुद्धलेखनाला घाबरतात. मला त्याचा थोडा आनंद होतो, खोटं कशाला बोलू.

नोकरीत गेल्यावर नावं इंग्रजीतच लिहावी लागतील. मराठी नावं ही सायकलला लावलेली मागची छोटी चाकं आहेत. तिसऱ्या आठवड्यात मी ती काढते.

पूर्णांक : इंट

मोजायच्या वस्तू. चादरी, नग, पिशव्या, पोरं. अर्धी चादर कुणी विकत नाही, म्हणून चादरींची संख्या इंट. कशाचाही प्रकार, म्हणजे डेटा टाइप, विचारायचा तर टाइप(नग) असं टाका, उत्तरात इंट दिसेल.

एक भागाकार मात्र नीट बघून घ्या. गाठीत 100 टॉवेल आहेत, डझन किती?

100 / 12
100 // 12
100 % 12

पहिल्या ओळीला 8.33 आणि पुढे शेपूट. दुसरीला 8, म्हणजे पुरे डझन. तिसरीला 4, म्हणजे सुटे राहिलेले. दुकानात कामाला येतात त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळी. आणि एक गंमत : 10 / 2 केलंत तरी उत्तर 5 नाही, 5.0 येतं. एका तिरप्या रेघेचा भागाकार नेहमी दशांशच देतो.

दशांश : फ्लोट

वजन, लांबी, तापमान. मार्केट यार्डात कांदा 20.5 क्विंटल भरला, तर ते वजन फ्लोट. इथवर सोपं आहे. आता हे टाका :

0.1 + 0.2

उत्तर 0.3 नाही, 0.30000000000000004 येईल. आणि 0.1 + 0.2 == 0.3 असं विचारलंत तर फॉल्स, म्हणजे 'नाही'. मागच्या बॅचमधला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "काय बे, तुझा मोबाइल खराब हाय." मग त्याने स्वतःच्यावर करून पाहिलं.

मोबाइल ठीक आहे. एक भागिले तीन आपण कागदावर लिहायला गेलो तर 0.3333 करत वही संपते, कारण दहाच्या पद्धतीत तो अपूर्णांक संपतच नाही. संगणक दोनच्या पद्धतीत मोजतो आणि त्या पद्धतीत एक दशांश संपत नाही. फ्लोटला ६४ बिट (एक बिट म्हणजे एका ० किंवा १ ची जागा) मिळतात. तिथे मावणारा सर्वांत जवळचा आकडा ठेवला जातो. मूळ आकडाच केसाएवढा चुकीचा ठेवलेला, मग बेरजेत ते दिसतं.

कांद्याच्या वजनाला याने फरक पडत नाही, काटा त्याहून जास्त चुकतो. पण पैशाला पडतो. म्हणून माझा नियम : पैसे फ्लोटमध्ये ठेवायचे नाहीत. ३५० रुपये ५० पैसे असतील तर 35050 पैसे म्हणून इंटमध्ये ठेवा आणि फक्त दाखवताना शंभराने भागा.

राउंडवर फार विसंबू नका. राउंड(2.5) चं उत्तर 2 येतं आणि राउंड(3.5) चं 4. अगदी मधोमध असलेला आकडा पायथन जवळच्या सम संख्येकडे नेतो. शाळेत आपण नेहमी वर न्यायला शिकलो, त्यामुळे हे चुकल्यासारखं वाटतं. हा मुद्दाम केलेला नियम आहे.

मजकूर : स्ट्रिंग

अवतरणचिन्हांत जे काही असेल ते स्ट्रिंग. पायथनमध्ये तिचं नाव एसटीआर.

गाव = "सोलापूर"
लेन(गाव)

लेन म्हणजे लांबी. सो, ला, पू, र. चार अक्षरं म्हणून चार येतील असं वाटतं. येतात 7. संगणक 'सो' ला एक अक्षर मानत नाही. 'स' वेगळा आणि त्याची मात्रा वेगळी मोजतो. 'सिद्धेश्वर' टाकून बघा, 10 येतील, कारण जोडाक्षरातला प्रत्येक हलन्तही मोजला जातो. नावाच्या रकान्याला 'वीस अक्षरांची मर्यादा' घालणाऱ्या फॉर्ममध्ये मराठी नावं अर्धवट का कापली जातात, त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

स्ट्रिंगना अधिक केलं की त्या जोडल्या जातात, गुणलं की त्या परत परत छापल्या जातात. "चादर" * 3 म्हणजे 'चादरचादरचादर'. निरुपद्रवी वाटतं. माझी मात्र याने एकदा भर दुकानात शोभा केली.

मामाच्या चादरीच्या दुकानासाठी मी बिलाचा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, बाहेरगावची गिऱ्हाइकं, मामा खुशीत. भाव 350 टाकला, नग 12 टाकले, आणि बिल आलं 350350350 करत छत्तीस आकडी. मामा चष्मा पुसत म्हणाला, "एवढ्यात सिद्धेश्वर तळ्यासकट देऊन टाकू म्हणावं." झालं होतं असं, की कीबोर्डवरून इनपुट या आज्ञेने घेतलेली प्रत्येक गोष्ट पायथन स्ट्रिंग म्हणूनच देतो, मग तुम्ही अंक का टाकेनात. नगाचं मी इंटमध्ये रूपांतर केलं होतं, भावाचं विसरले. त्यामुळे पायथनने "350" हा मजकूर इमानदारीत बारा वेळा छापला. दोन्ही विसरले असते तर बरं झालं असतं. मजकुराला मजकुराने गुणता येत नाही, प्रोग्रॅम टाइपएरर देऊन थांबला असता. प्रोग्रॅम थांबतो ती चूक परवडली. चुकीचं उत्तर देऊन पुढे जातो, ती महागात पडते.

उपाय एका शब्दाचा :

भाव = इंट("350")

आता गंमत पाहा. इंट("३५०") असं मराठी अंकांनी टाकलंत तरी 350 येतं! कोडमध्ये थेट ३५० चालत नाही, पण मजकुरातून आलेले देवनागरी अंक पायथन ओळखतो.

हो की नाही : बूलियन

याला फक्त दोन किमती, ट्रू आणि फॉल्स. नग > 10 असं विचारलंत की त्यातलं एक उत्तर मिळतं. पैसे मिळाले का, माल पोचला का, उधारी आहे का, असल्या गोष्टींसाठी हा प्रकार. नाव जॉर्ज बूल या गणितज्ञावरून पडलंय (१८१५ ते १८६४). त्यांची बायको मेरी ही जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. शिखराला ज्यांचं नाव आहे तेच, भारताचे सर्व्हेअर जनरल.

एकच सापळा. "नाही" हा मजकूर बूलियन करायला गेलात, बूल("नाही"), तर ट्रू येतं. रिकामी नसलेली प्रत्येक स्ट्रिंग पायथनला खरीच वाटते. त्याला मराठी कळत नाही हो.

याखेरीज 'काहीच नाही' यासाठी नन नावाची एक किंमत असते. ती आत्ता सोडा.

आता फळ्यावरचे ते चार आकडे

पायथनमध्ये हे टाका :

कोड = 0217

एरर येईल, अंकाच्या सुरुवातीला शून्य चालत नाही म्हणून. ही पायथनची कृपा समजा. हेच सी किंवा जावात लिहिलंत तर एरर येत नाही, पण किंमत 143 होते! या भाषांत सुरुवातीचं शून्य म्हणजे 'पुढचा आकडा आठच्या पद्धतीतला' असा इशारा असतो. दोन चौसष्टे एकशे अठ्ठावीस, एक आठे आठ, आणि सात : १४३. पुण्याचा ०२० तर १६ होऊन बसतो. एक्सेल आणखी वेगळं करतं, शून्य गुपचूप खाऊन २१७ ठेवतं.

तेव्हा कसोटी एकच आणि ती मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेते : याची बेरीज करून काही अर्थ निघतो का? दोन टॉवेलचे भाव मिळवले तर एकूण किंमत निघते, म्हणजे भाव ही संख्या. दोन पिन कोड मिळवून काय निघणार? मोबाइल नंबर, आधार क्रमांक, बँक खातं, हजेरी क्रमांक, एमएच १३ ची गाडी, सगळ्या स्ट्रिंग.

कोड = "0217"
पिन = "413001"

पिन कोडला सुरुवातीला शून्य नसतं, मग तो इंट ठेवला तर काय बिघडतं, असं एकीने विचारलं होतं. लगेच काही बिघडत नाही. पण 413 ने सुरू होणारे सगळे पत्ते शोधायचे म्हटलं की स्ट्रिंगचे पहिले तीन अंक सहज कापता येतात, संख्येचे काढताना हिशेब करत बसावं लागतं.

दुसऱ्या भाषेत गेलात तर

पायथनमध्ये प्रकार सांगावा लागत नाही, किंमत बघून तो ठरतो. सी आणि जावात आधीच जाहीर करावा लागतो आणि त्याला ठरावीक जागा मिळते. जावाच्या इंटला ३२ बिट, त्यामुळे त्यात जास्तीत जास्त 2147483647 मावतात. म्हणजे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७. त्यात एक मिळवला की आकडा उलटून उणे होतो, तोही एरर न देता. मघाशी सांगितलं तसं पैशात हिशेब ठेवलात तर ही मर्यादा २ कोटी १४ लाख रुपयांच्या थोडी पुढे येते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याची वर्षाची उलाढाल त्यापुढे जाऊ शकते. तिथे लाँग हा मोठा प्रकार घ्यायचा. पायथनच्या इंटला अशी ठरावीक मर्यादा नाही.

हे पुस्तकी भय नाही. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीस सेकंदांच्या आत नष्ट झालं. एरियन ४ मधून उचललेल्या सॉफ्टवेअरमध्ये ६४ बिटांच्या फ्लोटचं १६ बिटांच्या इंटमध्ये रूपांतर होत होतं. तिथे 32767 पर्यंतच मावतं. नवं रॉकेट जास्त वेगाचं, आकडा मावला नाही. आणि ३२ बिटांत सेकंद मोजणाऱ्या जुन्या यंत्रणांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरणार आहे. तेव्हा तुमच्यातलं कुणीतरी ते दुरुस्त करत बसलेलं असेल.

सराव : कांद्याची पट्टी

आकडे मी नमुन्याचे घेतलेत, घरात पट्टी (माल विकल्यावर बाजारात मिळणारा हिशेबाचा कागद) असेल तर खरे टाका.

शेतकरी_मोबाइल = "9000000000"
पिशव्या = 40
वजन = 20.5
दर = 1650
हमाली = पिशव्या * 6
तोलाई = पिशव्या * 4
भाडे = 3200
निव्वळ = वजन * दर - हमाली - तोलाई - भाडे
निव्वळ

30225.0 येईल. प्रत्येक नावाचा टाइप विचारून वहीत लिहा. 'निव्वळ' फ्लोट का झालं, ते शोधा. (एका फ्लोटने सगळा हिशेब फ्लोट होतो. तो एक कोणता?)

मग दुसरी पट्टी करा, ही खरी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा किलोला एक रुपया दराने विकला. खर्च वजा जाता २ रुपये ४९ पैसे उरले आणि हातात धनादेश आला २ रुपयांचा. बातमी तेव्हा देशभर गाजली होती. टाका :

512 - 509.51

2.490000000000009 येईल. शेपटीचं कारण आता तुम्हाला माहीत आहे. इंट(2.49) केलंत तर 2. इंट जवळच्या आकड्याकडे नेत नाही, दशांशाच्या पुढचं सरळ तोडतो, 2.99 असते तरी 2 च. आता हेच पैशात :

निव्वळ_पैसे = 51200 - 50951
निव्वळ_पैसे // 100
निव्वळ_पैसे % 100

2 येतील, आणि 49. त्या 49 ला एक व्हेरिएबल करा, नाव तुम्हीच ठरवा.